खानावळीची खिडकी

५ ऑक्टोबर २०२० ला, सोमवारी, महाराष्ट्रातल्या हॉटेलांना आणि खानावळींना गिऱ्हाईक आत बसवून जेवू घालायची परवानगी मिळाली. कोविडच्या टाळेबंदीमुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून टेबलं भिंतीला लावून ठेवलेली होती. मधल्या सहा महिन्यांत पार्सल चालू झालं, ८ जुलैपासून लॉजच्या तेहतीस टक्के खोल्या उघडल्या, ताडोब्याच्या बफर क्षेत्रातल्या सफारीही सुरू झाल्या. पण समोर ताट ठेवून वाढणं बंदच होतं. टाळेबंदी सैल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशानं निम्म्या खुर्च्यांची अट घालून ते सुरू केलं. राज्याच्या पर्यटन खात्यानं सोबत नियमावली दिली. दारात ताप मोजा, मास्कशिवाय आत घेऊ नका, दोन टेबलांत एक मीटर अंतर ठेवा, शिजवलेलंच वाढा, कच्ची कोशिंबीर टाळा, पैसे शक्यतो मोबाइलवरून घ्या.

ही नियमावली मुंबई-पुण्याच्या रेस्टॉरंटांना जेवढी लागू होती तेवढीच चंद्रपूर-गडचिरोली जिल्ह्यांतल्या मूल, सिंदेवाही, आरमोरी आणि आष्टीच्या भोजनालयांनाही. पण या भागातली खानावळ चैनीची जागा नाही. सिरोंच्याहून गडचिरोलीला जिल्हा कार्यालयात कामासाठी निघालेला माणूस दोनशे किलोमीटर एसटीनं येतो. त्याला दुपारचं वरण-भात कुठं तरी मिळालंच पाहिजे. चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्र आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, गडचांदूर भागात सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरला कागदाची गिरणी आहे. पाळीवर काम करणारे, ट्रकचालक, सरकारी दवाखान्यात भरती असलेल्याचे नातेवाईक, खोली करून राहणारे विद्यार्थी या सगळ्यांची चूल म्हणजे कुणाची तरी मेस. टाळेबंदीत वीज बंद झाली नाही, तेव्हा ती तयार करणाऱ्यांची भूकही बंद झाली नव्हती. म्हणून ‘हॉटेल उघडणं एवढं गरजेचं होतं का?’ हा प्रश्न इथं फारसा टिकत नाही. जो टिकतो तो असा: उघडायचं, तर नेमकं काय केल्यानं माणूस वाचतो?

दारातली सॅनिटायझरची बाटली दिसते. फवारणी दिसते, कपाळापुढं धरलेली तापमापक बंदूकही दिसते. दिसणाऱ्या गोष्टींचा पाहणाऱ्याला धीर येतो आणि तपासणीला आलेल्या माणसाला त्या मोजता येतात. पण रोग पसरत होता तो न दिसणाऱ्या वाटेनं.

त्या वाटेचा सगळ्यात बोलका पुरावा एका खानावळीतूनच मिळाला. चीनमधलं ग्वांगझू शहर, २४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाची पूर्वसंध्या. पाच मजली इमारतीतल्या रेस्टॉरंटच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या दालनात, पंधरा टेबलांवर ८३ जण जेवत होते. वुहानहून आलेलं एक कुटुंब एका टेबलावर होतं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या टेबलांवर दोन वेगळी कुटुंबं. टेबलांमध्ये साधारण एक मीटर अंतर. पुढच्या दोन आठवड्यांत या तीन कुटुंबांतले मिळून दहा जण आजारी पडले. बाकीच्या टेबलांवरचं कुणीही नाही, आणि त्या मजल्यावरच्या आठ वेटरांपैकीही कुणी नाही. ही तीन टेबलं एकाच वातानुकूलन यंत्राच्या झोतात होती. यंत्र तीच हवा ओढून, गार करून, पुन्हा त्याच तीन टेबलांवर सोडत होतं. पुढे संशोधकांनी त्या दालनात शोधवायू सोडून मोजणी केली. बाहेरची ताजी हवा दर माणशी सेकंदाला एक लिटरहूनही कमी येत होती. जागतिक आरोग्य संघटनेनं नंतर सुचवलेलं प्रमाण आहे सेकंदाला दहा लिटर.

दुसरा दाखला दक्षिण कोरियातल्या जोन्जू शहराचा, जून २०२० चा. तिथं साडेसहा मीटर दूर बसलेल्या व्यक्तीला पाच मिनिटांत लागण झाली. दोघांच्या मधून वातानुकूलनाचा झोत वाहत होता. तेंदूपत्त्याच्या या मुलुखात हे समजवायला बिडीसारखं दुसरं साधन नाही. खोलीत एकानं बिडी ओढली आणि तुम्हाला तिचा वास आला, तर त्याच्या छातीतून निघालेली हवा तुमच्या छातीत गेलेली असते. बोलताना, हसताना, खोकताना निघणारे अतिसूक्ष्म थेंब तसेच तरंगत राहतात. त्यांना वास नसतो एवढंच. उघड्या जागेत ते विरून जातात, बंद खोलीत साठत जातात. हॉटेलात तर मास्क काढावाच लागतो, तोंड झाकून जेवता येत नाही. एक मीटर अंतरानं समोरचा मोठा थेंब अडतो, तरंगणारा नाही. टेबल पुसणं स्वच्छतेसाठी चांगलंच. पण पृष्ठभागाला हात लावून लागण होण्याची शक्यता फार कमी असल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं. त्याच महिन्याच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनंही हवेतून होणारा प्रसार स्पष्ट शब्दांत मान्य केला. तोवर आपण वर्षभर टेबलं पुसत होतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण आपल्या केंद्र सरकारच्या जून २०२० च्या सूचनांमध्येही ताजी हवा शक्य तेवढी आत घ्या, हवा आरपार वाहू द्या, असं एक वाक्य होतं. ते यादीत खाली होतं.

आता हे गणित चंद्रपूरच्या एखाद्या भोजनालयाला लावून पाहू. तीस फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट उंच दालन म्हणजे अंदाजे १७० घनमीटर हवा. चाळीस माणसं बसली, तर दर माणशी सेकंदाला दहा लिटर या हिशेबानं तासाला १४४० घनमीटर ताजी हवा हवी. खोलीतली सगळी हवा तासाला आठ-साडेआठ वेळा बदलायला हवी. निम्म्या खुर्च्या भरल्या तर ७२० घनमीटर. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा जवळपास शून्य आणतो. दारं-खिडक्या लावून एसी चालवला, तर चाळीसऐवजी वीसच माणसं बसवूनही हिशेब जुळत नाही. आणि तासाला हजारावर घनमीटर हवा बाहेर फेकणारा बारा इंची एक्झॉस्ट पंखा काही हजार रुपयांत भिंतीत बसतो.

या जिल्ह्यांकडे एक देणगी होती आणि तिचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नाही, असं मला वाटतं. ती म्हणजे कूलर. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो, हवा कोरडी ठाक असते. अशा हवेत ओल्या गवताच्या किंवा खसाच्या पडद्यांतून आलेला वारा दहा-पंधरा अंशांनी थंड होतो. पण कूलरचा एक नियम विदर्भातल्या प्रत्येक घराला अनुभवानं ठाऊक असतो: कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला लावायचा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची. ती लावली की खोलीत दमटपणा साठतो, अंग चिकचिकतं, गारवा संपतो. म्हणजे कूलर बाहेरची हवा आत आणतो आणि आतली बाहेर ढकलल्याशिवाय त्याचं कामच होत नाही. मोठा कूलर तासाला काही हजार घनमीटर हवा फेकतो. वर काढलेल्या हिशेबाच्या कितीतरी पुढची ही संख्या. गारव्यासाठी केलेली सोय रोग पातळ करणारीही असते. ज्या मालकानं ‘फॅमिली सेक्शन’ला एसी बसवून काचा बंद केल्या, त्याच्यापेक्षा मूलच्या रस्त्यावर टिनाच्या मांडवाखाली, तिन्ही बाजू उघड्या ठेवून तर्री-पोहे आणि आलूबोंडे विकणाऱ्याचं गिऱ्हाईक कितीतरी सुरक्षित होतं.

मात्र कूलरची ही मदत ऋतूवर अवलंबून आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ओली, तेव्हा तो काही गार करत नाही आणि मालक दारं लावून एसीकडे वळतो. डिसेंबर-जानेवारीत ताडोब्याजवळच्या मोहर्ली, कोलाऱ्याकडे पहाटे इतका गारठा असतो की सफारीहून परतलेले पर्यटक उपाहारगृहाची दारं आपण होऊन बंद करतात. हॉटेलं उघडली ती ऑक्टोबरात, म्हणजे थंडीच्या तोंडावर. तेव्हा खिडकी पूर्ण उघडी नाही तर निदान चार बोटं, आणि वरचा झरोका व एक्झॉस्ट कायम चालू, एवढं तरी साधतं. आठवडाभर साडेतीन-चार हजार रुपयांचं कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र फिरवून पाहिलं, तर कोणत्या कोपऱ्यात हवा तुंबते ते कळतं. बाहेर हे प्रमाण दशलक्षात ४२० भागांच्या आसपास असतं. आत ८००च्या वर चढत राहिलं तर लोक एकमेकांचाच श्वास घेताहेत असं समजावं.

एक्झॉस्ट कुठं लावायचा हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बहुतेक खानावळींत तो भटारखान्यात असतो, चुलीच्या धुरासाठी. तो दालनातली हवा आपल्याकडे ओढतो. जेवणाऱ्यांना ते फायद्याचं, पण चाळीस जणांची हवा आचाऱ्याच्या तोंडावरून जाते. भट्टीजवळ मास्क टिकत नाही, घामानं ओला होतो. २०२० च्या मार्च ते ऑक्टोबर या काळातल्या मृत्यूंचा कॅलिफोर्नियात व्यवसायवार अभ्यास झाला, त्यात कामकरी वयातल्या माणसांपैकी मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक वाढलेलं दिसलं ते स्वयंपाक्यांमध्ये, सुमारे साठ टक्क्यांनी. दालनाला स्वतःचा वेगळा एक्झॉस्ट असावा तो या कारणासाठी. गिऱ्हाईक पाऊण तास बसतं, महाराज बारा तास उभे असतात.

चंद्रपुरात पुन्हा उघडण्याची आणखी एक कहाणी घडली, ती जगात फार ठिकाणी घडली नसेल. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या आणि असंख्य गावांच्या चळवळीतून ती आली. चंद्रपुरात श्रमिक एल्गार संघटनेच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली. दारूबंदीचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीचा अहवाल पुढे ठेवून २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं चंद्रपूरची बंदी उठवली, आणि जुलैच्या सुरुवातीला तिथली दुकानं, परमिट रूम उघडू लागली. ही तारीख पाहा. दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, विषाणूच्या डेल्टा प्लस या प्रकाराच्या भीतीनं जूनअखेर सगळे जिल्हे निर्बंधांच्या किमान तिसऱ्या स्तरावर आणले होते, म्हणजे बसून खाणं-पिणं चार वाजेपर्यंत आणि निम्म्या क्षमतेनं. सहा वर्षं बंद असलेल्या खोल्या महामारीच्या मधोमध उघडत होत्या. बंदी उठवणं योग्य की अयोग्य हा वाद मोठा आहे, तो इथं सोडवायचा नाही. पण हवेच्या दृष्टीनं परमिट रूम ही सगळ्यात वाईट खोली: पडदे ओढलेले, एसी चालू, माणसं तास-दोन तास बसलेली आणि आवाज चढत जाणारे. मोठ्यानं बोलणाऱ्याच्या तोंडून हळू बोलणाऱ्याच्या कितीतरी पट कण निघतात. अशा खोलीला खानावळीचाच नियम लावणं पुरेसं नव्हतं. तिथं आधी खिडकी पाडायला हवी होती.

हवेइतकंच लक्ष पाण्याकडे द्यायला हवं होतं, आणि त्याबद्दल तर फारच कमी बोललं गेलं. गच्चीवरची काळी टाकी, उन्हाळाभर भरलेली, नळ कुणी उघडत नाही. पाण्यातलं क्लोरीन काही दिवसांत उडून जातं आणि साचलेलं पाणी कोमट राहतं. २५ ते ४५ अंश हा लेजिओनेला नावाच्या जिवाणूचा आवडता पट्टा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासात तो प्रथम ओळखला गेला. तो पोटात गेल्यानं सहसा काही होत नाही. शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेला तर होतं. खानावळीला जोडून लॉज असेल, ताडोब्याच्या दारातलं रिसॉर्ट असेल, तर पाहुणे येण्याआधी टाकी रिकामी करून घासायची, क्लोरीन टाकून भरायची, आणि प्रत्येक खोलीतला प्रत्येक नळ ताजं पाणी येईपर्यंत वाहू द्यायचा. शॉवरची जाळी काढून धुवायची, आणि हे काम करणाऱ्यानं मास्क लावून, खिडकी उघडून करायचं.

मघाच्या कूलरलाही इथं एक अट जोडावी लागते. त्याच्या टाकीत पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास तिथं अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करायची. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढचं पाणी मिळताच फुटतात. कडा ब्रशनं घासाव्या लागतात. गडचिरोलीला तर मलेरियाचं जुनं दुखणं आहे. बंद हॉटेलाच्या मागच्या अंगणात पडलेले डबे, टायर, फुटक्या कुंड्या हे सगळं शटर उघडण्याआधी उचलायचं काम आहे.

भटारखान्यात काय पाहायचं ते कुठल्याही अनुभवी मालकाला सांगावं लागत नाही. उंदरांच्या लेंड्या, कणकीतल्या अळ्या, मुदत संपलेले मसाले आणि तेल, गॅसची चिरलेली नळी. फ्रिज मधे बंद पडून पुन्हा सुरू झाला असेल तर आतलं सगळं फेकायचं, गोठलेलं दिसलं तरी. ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान अन्नाला घातक. भात शिजवून दुपारपासून रात्रीपर्यंत तसाच ठेवला तर त्यात असा जिवाणू वाढतो, ज्याचं विष परत गरम केल्यानंही जात नाही, आणि धानाच्या या पट्ट्यात भाताशिवाय ताट नाही. अर्धी गिऱ्हाइकी असताना हा धोका वाढतो, कारण जुन्या अंदाजानं शिजवलेलं निम्मं उरतं. पातेलं लहान करावं लागतं. कोविडचा विषाणू मात्र शिजलेल्या अन्नातून पसरल्याचा पुरावा सापडला नाही.

सगळं बंद असताना एक खानावळ चालूच राहिली, तिचा इथं उल्लेख न करणं अन्याय होईल. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेलं शिवभोजन: दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात. आधी दहा रुपये, टाळेबंदीत ३० मार्चपासून पाच, आणि दुसऱ्या लाटेत काही काळ फुकट. ते पार्सल म्हणून दिलं गेलं. तेलंगणातल्या मिरची तोडणीहून पायी परतणाऱ्या मजुरांच्या त्या दिवसांत दूरवरच्या नियमावलीपेक्षा खिडकीतून मिळणारं असं एक पाकीट जास्त मोलाचं होतं. खिडकीतून देणं, उघड्यावर खाणं, रांग बाहेर: महामारीत खाऊ घालायची सगळ्यात सुरक्षित पद्धत सरकारनं स्वतःच चालवून दाखवली होती. नंतर मोठ्या हॉटेलांना सांगताना तीच पद्धत पुढे करता आली असती. अंगणात, गच्चीवर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत चार टेबलं मांडायला नगरपालिकेनं वर्षभर परवानगी दिली असती तर खुर्च्या निम्म्या करायची गरज बऱ्याच ठिकाणी पडली नसती.

आता शेवटचा माणूस, वेटर. १५ ऑगस्ट २०२१ पासून हॉटेलांना रात्री दहापर्यंत परवानगी मिळाली. अट अशी की सगळ्या कर्मचाऱ्यांचे दोन डोस झालेले असावेत आणि दुसऱ्या डोसला चौदा दिवस उलटलेले असावेत. हेतू चांगला. पण हिशेब करा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचं लसीकरण सुरू झालं १ मे रोजी, महाराष्ट्रात ते लशीअभावी पंधरवड्याच्या आतच थांबलं आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झालं. कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर चौऱ्याऐंशी दिवस. २२ जूनला पहिला डोस घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा सप्टेंबरच्या मध्याशिवाय दुसरा घेऊच शकत नव्हता, आणि अट पूर्ण होणार सप्टेंबरअखेर. वाढण्याचं काम करणारी बहुतेक मुलं याच वयाची. शहरात हे, तर भामरागड, एटापल्लीकडच्या गावांतून येणाऱ्या मुलांचं काय, जिथं लशीबद्दल मनात धास्ती होती आणि ती काढायला आरोग्यसेविकांना घरोघर बसावं लागलं? अट कागदावर राहिली, कारण कागदावरच ती पूर्ण होण्यासारखी होती.

आणि लस झाली तरी ताप यायचाच. ताप आलेला वेटर कामावर का येतो, यातच बरंचसं उत्तर आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला, त्यात वर्षाला आठ दिवस पगारी किरकोळ रजा आहे. पण त्या काळात तो कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता. या दोन जिल्ह्यांतल्या रस्त्यावरच्या खानावळीत मालक, मालकीण, एक आचारी, दोन वाढपी, एक भांडी घासणारी बाई. कामाची माणसं रोजावर असतात. घसा दुखतो असं सांगितलं तर त्या दिवसाचा रोज गेला, आणि कदाचित कामही. म्हणून कुणी सांगत नाही. दारातल्या तापमापकाला पॅरासिटामॉलची एक गोळी पुरते.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. पुढची साथ कोणती येईल माहीत नाही, पण तिच्यात खानावळी पुन्हा बंद होऊन पुन्हा उघडतील हे नक्की. तेव्हा तापाच्या सात दिवसांचा रोज मालकानं शटर वर करण्याआधीच बाजूला काढून ठेवायला हवा. चारशे रुपये रोज असेल तर माणशी अठ्ठावीसशे. आणि तो मिळणार आहे हे वाढप्याला, आचाऱ्याला, भांड्यांवरच्या बाईला पहिल्याच दिवशी तोंडानं सांगायला हवं, त्यांचं अंग तापल्यावर नव्हे.